वेलिच्काची दोन लाकडं

वेलिच्का कमरेत वाकून चालायला लागली असती, तर गोर्न्या गावातल्या बायकांनी ते चालवून घेतलं असतं. वय झालं बिचारीचं, म्हणाल्या असत्या. पण ही बाई चालायची ताठ आणि चुलीसाठी हातात घ्यायची दोनच लाकडं. हे काही केल्या गावाच्या घशाखाली उतरेना.

आता रोडोपीच्या डोंगरात घरं सगळी उतारावर, आणि सरपण ठेवायची खोपी खाली गल्लीला लागून. कोण किती लाकडं वर नेतं ते प्रत्येक खिडकीतून दिसतं. नवी सून आली की पहिल्याच थंडीत सासू तिला खाली पाठवते आणि स्वतः दारात उभी राहते. हनुवटीपर्यंत भारा आणला तर सून पास. वेलिच्कानं तिच्या वेळी असा भारा आणला होता की मागे तोंडच दिसेना. "लाकडं काय आपली आपण चालत आली?" असं सासऱ्यानं विचारलं होतं. ही गोष्ट गावात अजून सांगतात, आणि सगळ्यात जास्त वेळा वेलिच्काच सांगायची.

त्याच भाऱ्यानं तिचा घात केला. गेल्या फेब्रुवारीत चुलीपुढून उठली, तशीच कडाक्याच्या थंडीत खाली गेली, वाकली, हनुवटीपर्यंत लाकडं रचली आणि उठताना कमरेत अशी कळ आली की तिथंच बसली. समोरच्या ग्युर्गा म्हातारीनं तिला बर्फातून ओढत घरात आणलं. प्लोवदिव शहरातून मुलगा अनास्तास धावत आला. आई चमच्यानं सूप पिते आहे, कूस बदलायची म्हटलं तरी किंचाळते आहे, हे त्यानं पाहिलं आणि निक्षून सांगितलं, "आई, पुढच्या थंडीत कंबर परत धरली ना, तर मी ऐकणार नाही. घराला कुलूप, शेळी विकायची आणि तू माझ्याकडे."

"चौथ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"लिफ्ट आहे म्हणे! शेळीला फिरव त्या लिफ्टमधून!"

तोंडानं बोलली, पण आतून हादरली होती. हे घर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं स्वतः दगड वाहून बांधलेलं. आणि चौथा मजला तिनं एकदा अनुभवला होता. दिवसभर खिडकीशी बसायचं आणि खालच्या गाड्यांची टपं बघायची. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

म्हणून या वेळी पानगळीपासूनच तिनं कंबर सांभाळायला घेतली. सासूचा तांबडा लोकरी पट्टा काढला आणि श्वास अडकेल इतका घट्ट आवळला. रात्री बिज्जूची, त्या बिळात राहणाऱ्या जनावराची, चरबी चोळली, गरम मिठाची पुरचुंडी लावली. आणि दिवसभर चुलीला पाठ लावून बसून राहिली.

गावची नर्स स्ताम्का रक्तदाब बघायला आली, तिनं कपाळावर हात मारून घेतला. "काकू, पट्टा बांधा, चरबी चोळा, माझं काही म्हणणं नाही. पण दिवसभर बसून कंबर आखडते आणि मग तुम्ही एकदम थंडीत जाऊन वाकता! आधी घरातच हिंडा-फिरा, अंग गरम करा. उचलताना गुडघ्यात वाका, लाकूड पोटाशी धरा. आणि दोन-दोनच आणा."

"दोन? मी?" वेलिच्कानं तिला चहासुद्धा विचारला नाही.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी ती पट्टा आवळून खाली गेली. अर्धा भारा जेमतेम रचला आणि कमरेत बारीकशी चमक आली. ही चमक तिच्या ओळखीची होती. ती खोपीत लाकडं धरून तशीच उभी राहिली आणि तिला रडू आलं, रागाचं. मग तिनं भारा हळूच खाली ठेवला. समोर सगळ्या खिडक्या. गुडघ्यात वाकून तिनं दोन लाकडं उचलली आणि निघाली.

ग्युर्गाची खिडकी लगेच उघडली. "काय गं, चुलीचे दात पडले का तुझ्या? दोनात भागतं तिचं?"

"चुलीचे शाबूत आहेत. तू तुझे मोज!"

"पूर्वी भाऱ्यामागे तोंड दिसायचं नाही तुझं!"

"आता बघून घे पोटभर!"

घरात येऊन मात्र तिला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी परत दोन. त्यानंतरही दोनच. सकाळी केटली तापेपर्यंत ती चुलीभोवती नाचायची. लग्नातल्या साखळी-नाचाची पावलं, एकटीच, कुणाचाही हात न धरता. ग्युर्गानं तेही पाहिलं आणि सरळ प्लोवदिवला फोन लावला. म्हातारी पहिल्यासारखी राहिली नाही म्हणाली.

फेब्रुवारीत अनास्तास गाडी घेऊन हजर. आई खोपीत उभी, हातात दोन लाकडं.

"म्हणजे खरं आहे तर. दोन लाकडांवर आलीस."

"अरे, दोन आणते म्हणून तर धड उभी आहे!"

"ते काही नाही. संपलं आता. बॅग भर."

वेलिच्काचं डोकं सणकलं. लाकडांची रास समोरच होती. एकदा, फक्त एकदा हनुवटीपर्यंत भारा उचलून दाखवला असता तर पोराचं तोंड बंद, गल्लीचंही बंद. हात लाकडांकडे गेलेसुद्धा. खिडकीत ग्युर्गा श्वास रोखून बघत होती.

"नाही उचलणार!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेळी दचकली. "कंबर माझी आहे, गल्लीची नाही! एवढी हौस आहे तर तूच उचल."

अनास्तासही शेवटी त्याच गल्लीतला. वर बघितलं तर सगळ्या खिडक्यांत डोकी. तासन् तास गाडीत बसून आखडलेला, तसाच कोट फेकून वाकला.

"गुडघ्यात वाक रे! आधी जरा फिरून ये!"

"मला शिकवू नकोस, आई."

हनुवटीपर्यंत भारा रचून तो उठला, चार पावलं चढला आणि "आई गं!" करून खालीच बसला. लाकडं घरंगळत थेट ग्युर्गाच्या फाटकाला जाऊन धडकली.

दोघी म्हाताऱ्यांनी त्याला आधार देत देत कसंबसं वर आणलं. वेलिच्काचा जीव तुटत होता, तरी तोंड काही गप्प बसेना. "लिफ्ट नाही रे आमच्याकडे, नाहीतर अलगद आणलं असतं." तिनं स्वतःचा पट्टा सोडून त्याच्या कमरेला बांधला. तो लहान मुलासारखा पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चूल मंदावली. चुलीभोवती दोन-चार पावलं नाचून ती दाराकडे निघाली, तशी त्यानं तिच्या झग्याचं टोक पकडलं. काहीतरी बोलला. तिनं टोक सोडवून घेतलं आणि खाली गेली.

ग्युर्गा खिडकीत होतीच. "काय गं, काय म्हणतोय लेक? कधी नेतोय तुला?"

वेलिच्कानं गुडघ्यात वाकून दोन लाकडं उचलली आणि सगळ्या खिडक्यांना दिसतील अशी उंच धरली.

"लेक म्हणतोय, आई, दोनच आण!"