उत्तरायणाची ड्यूटी

बाबा बाथरूममध्ये घसरले आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मी पुण्याहून बडोद्याला धावले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन : आता यांना माझ्याकडे न्यायचं. बाबांच्या डोक्यातही एकच गोष्ट होती. मांजलपूरचा फ्लॅट सोडायचा नाही. आई गेल्यापासून ते तिथे एकटे होते आणि एकटं वाटतं का असं फोनवर विचारलं की 'मॅच चालू आहे' म्हणून फोन ठेवून देत होते.

शेवटी तह झाला. घरी एजन्सीचा केअरटेकर ठेवायचा. संक्रांतीपर्यंत सगळं सुरळीत चाललं तर बाबा बडोद्यात, नाहीतर पुण्यात. मी संक्रांतीला जायचं ठरवलं आणि परतीची दोन तिकिटं काढून ठेवली. माझा तहावर तेवढाच विश्वास होता.

एजन्सीनं पाठवलेला माणूस चाळिशीचा, आडवा, मिशाळ होता. अंगात ड्यूटीचा निळा शर्ट. बाबा रिफायनरीत शिफ्ट इन-चार्ज होते. जन्मभर दुसऱ्यांना कामाला लावलेल्या माणसाला आता कोणीतरी आंघोळ घालणार, हे त्यांना पचणं कठीण होतं. त्यांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. "आज साहेबांनी पेज दिली. साहेबांनी चालायला लावलं." असा रोज रिपोर्ट यायचा. मी त्या साहेबांना पुण्याहून हुकूम सोडायचे. लोणचं नाही, जिना नाही, गच्ची तर अजिबात नाही. बाबांशी मात्र मी लोण्यासारखं बोलायचे. म्हाताऱ्या माणसाचा उत्साह वाढवावा, असं कुठेतरी वाचलं होतं. ते पलंगावरून खुर्चीपर्यंत आले तरी "वा बाबा, छान!" म्हणायचे. ते गप्प व्हायचे. मला वाटायचं, सुखावले.

मग मी एक चूक केली. साहेबांना फोन करून सांगितलं, संक्रांतीला पूर्ण दिवस ड्यूटीवर राहा, मी दुपारी पोचते.

पलीकडून उत्तर आलं, "बेन, ए दिवसे तो उत्तरायण छे."

"मग?"

बडोद्यात जन्मलेल्या बाईनं हे विचारायचं नसतं. त्या दिवशी अख्खं शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं, डॉक्टरसुद्धा. पण पुण्यात राहून माझी संक्रांत तिळगुळाच्या वडीएवढी उरली होती. साहेब म्हणाले, "सारु बेन, आवीश." इतक्या सहज माणूस कबूल झाला, तिथेच संशय यायला हवा होता.

संक्रांतीला स्टेशनवरून रिक्षानं आले तर रस्ते ओस आणि गच्च्यांवर लाउडस्पीकरचा धिंगाणा. फ्लॅटला कुलूप. बाबांचा फोन आतच वाजत होता. मी दार बडवलं. मग वरून आरडाओरडा ऐकू आला आणि मी संतापले. लिफ्टनं शेवटच्या मजल्यावर गेले, तिथून गच्चीचा जिना धावतच चढले.

बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. डोक्याला कानटोपी, त्यावर गॉगल, हातात मांज्याची फिरकी. समोर साहेब ड्यूटीच्या शर्टात पतंग उडवत होते आणि मागे न बघता खेकसत होते, "काका, ढील आपो ने! उंघी गया के शुं?"

झोपलात की काय! माझ्या वडिलांना!

"तुं पहेलां चगावतां शीख!" आधी उडवायला शीक, असं बाबांनी तितक्याच जोरात सुनावलं. तेवढ्यात पतंग कटला. उंधियूची ताटली घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या काकी ओरडल्या, "काका, तमारा लीधे कपायो!" आपल्यामुळे कटला हे ऐकून बाबा खूश.

"यांना वर आणलं कसं?" मी विचारलं.

साहेबांनी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. "पीठ पर, बेन."

"आणि पडले असते म्हणजे?"

"तिळगूळ आणलास का?" बाबा म्हणाले. "मग गोड बोल."

"पतंग दिसतो तरी का तुम्हाला?"

"नाही. पण हा शिव्या द्यायला लागला की कळतं, माझं काहीतरी चुकलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू काय, मी मान हलवली तरी वा म्हणतेस. तुझ्याकडे आलो तर माझं काही चुकणारच नाही."

मला फार लागलं ते. काकींनी हातात दिलेलं उंधियू मी कठड्याशी जाऊन मुकाट्यानं खाल्लं.

अंधारून आलं तेव्हा साहेब वाकले, बाबा सवयीनं त्यांच्या पाठीवर चढले आणि मला म्हणाले, "फिरकी घे." मी घेतली. जिन्यात ती हातातून निसटली, मांजा पायऱ्यांवर सांडला आणि त्याचा गुंता झाला.

"अगं, धरलीस कशी? दोन्ही हातांनी धरायची असते! एवढी घोडी झालीस, फिरकी धरता येत नाही?"

बाथरूममध्ये पडल्यापासून बाबा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडत होते.

"आधी तुम्ही नीट धरा, पडाल!" मीही ओरडले.

साहेबांनी आम्हा दोघांनाही गप्प बसवलं, कारण त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या.

घरात आल्यावर मी बाबांचं तिकीट रद्द केलं आणि गुंता सोडवायला बसले. बाबा समोर बसून माझ्या चुका काढत होते.