लाल शाईची वही

नलू गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. ‘नलिनी रामचरणी लीन झाली’, आणि पुढे हात जोडल्याची पाच चित्रं. मेसेज तिच्या नवऱ्याचा, मोहनभाऊजींचा. बायको सकाळी ओट्यापाशी छातीत कळ येऊन कोसळते आणि या माणसाला तासाभरात रामचरण सुचतात! दहिसरला पोचले तर दारातच तिची जाऊ. “पुण्यवान हो! इतकी वर्षं जप लिहीत होती, म्हणून असं सहज मरण आलं.” मी चप्पल काढली आणि सरळ आत गेले. तोंड उघडलं असतं तर तिथेच भांडण जुंपलं असतं.

चाळीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. चाळ पाडून टॉवर झाला, मी बोरिवलीला आले, तरी आठवड्याची भेट कधी चुकली नाही. मुलगी लग्न होऊन गेली त्या वर्षी नलूने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. जाऊ म्हणाली, “हिला काय कमी आहे गं?” भाऊजी तिला गावी घेऊन गेले, देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, परत आले. आणि मी? मी तर अतिशहाणी! “कामात राहा, सगळं जातं,” असं मीच तिला सुनावलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. शेवटी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला नीट विचारलं... झोप लागते का, रडू येतं का. डिप्रेशन आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मनात येईल ते रोज वहीत लिहा.

लिहा म्हणे! त्या घरात? पहिलीच वही भाऊजींनी उघडली आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली. “‘आज आंघोळ करावीशी वाटली नाही.’ वा! यासाठी वही लागते?” जाऊ पोट धरधरून हसली. मला हे सांगताना नलू रडली नाही. म्हणाली, “शैले, मी युक्ती काढलीय.” नव्या वहीवर तिने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पहिली दोन पानं लाल पेनाने श्रीराम, श्रीराम लिहून भरली आणि तिसऱ्या पानापासून त्याच लाल शाईत आपलं लिहायला घेतलं. झालं! वही देवापुढच्या चौरंगावर गेली. ती लिहायला बसली की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. आजारी बाईला ज्यांनी कधी पाण्याचा पेला दिला नाही, ते जप चाललाय म्हणून चहा आणून ठेवायला लागले. कीव यावी अशी माणसं!

रोजची पहिली ओळ एकच, असं तिने मला सांगितलं होतं : ‘आज उठले.’ पुढचं मी कधी विचारलं नाही. वही भरली की ती माझ्याकडे यायची, दोघी मिळून पानांचे बारीक तुकडे करायचो, आणि घरी सांगायचं की देवळात दिली. “मी गेले तर शेवटची तू उचल हं,” ती म्हणायची. “यांच्या हाती लागली तर परत जेवताना वाचतील.”

तेराव्याला, पानं उठल्यावर, भाऊजींनी चौरंगावरची वही उचलली. “जप अर्धा राहिलाय. उरलेली पानं आपण सगळे मिळून भरू आणि रामाच्या देवळात देऊ.” जावेने लगेच चष्मा मागवला. वही त्यांच्या हातातून मी जवळजवळ हिसकावलीच. “असं नाही चालत, भाऊजी. दहा हात लागले तर जप फुकट जातो. एकीचं राहिलेलं एकीनेच पुरं करायचं. मी करते.” हे शास्त्र मी जागच्या जागी तयार केलं होतं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. देवाचं नाव घेऊन यांना काहीही सांगा.

घरी येऊन मी ती न वाचता फाडली. या वेळी एकटीने... बराच वेळ लागला. मग तशीच वही आणली, स्वस्तिक काढलं आणि रोज सकाळी लाल पेन घेऊन बसले. देवाशी माझं फारसं पटत नाही, पण दोनशे पानं श्रीराम लिहिलं. भाऊजी न्यायला आले, वही कपाळाला लावली, डोळ्यांत पाणी आणलं. उघडली मात्र नाही. हे छापून आलं तरी ते वाचतील ही भीती मला नाही. नावं बदललीत, आणि त्यांच्याकडे पुरवणी येते ती फडताळात अंथरायला.

उघडली असती तर मधल्या एका पानावर, रामनामाच्या ओळीत, त्यांना दिसलं असतं : ‘आज उठले. नलू नाही. चहा गिळवत नाही.’ कधी लिहिलं गेलं, माझं मलाच कळलं नाही. मी ते खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून मी आणखी एक वही आणली, माझ्यासाठी. पहिली दोन पानं श्रीराम लिहून भरून ठेवलीत. आमच्याही घरात माणसं आहेत.