खडू खाल्ला ती दुपार

ओल्या खडूचा वास आला की माझी जीभ अजून कोरडी पडते. ऐंशीच्या दशकात पाण्यावर संशोधन करताना मी माणिकपूरच्या पुढच्या वाड्यांतल्या विहिरींची पाणीपातळी मोजत फिरायचो. पोलादी पट्टीला खडू फासून ती विहिरीत सोडायची, खडू भिजला तिथे पाणी, इतकं साधं काम. त्या दुपारी केळीच्या बागेत टँकर भरणारा पंप धडधडत होता, आणि लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली बागेची मालकीण माझ्या पांढऱ्या बोटांकडे रोखून बघत होती. "तू यायला लागला तवापासून पानी खारं झालं. काय टाकतो आत?" पंपाशी उभा असलेला तिचा मुलगा लगेच म्हणाला, "आई, मीठच असनार." मी खडू पुढे केला. तिने तो हुंगून परत दिला. "खाऊन दाखव." मी तुकडा चावून गिळला आणि म्हणालो, "पंप गोडं पाणी उपसतो, म्हणून खाडीचं खारं आत सरकतं." ती मुलाकडे वळली, तो केळीचे घड बघू लागला. पुढच्या खेपेला पंपाच्या खोलीला कुलूप होतं. मला बरं वाटलं, तोच विहिरीच्या जाळीलाही तसलंच कुलूप दिसलं. दोन्ही किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. आता सभांमध्ये माझे आलेख बघून लोक माना डोलावतात, आणि मनात येतं, यांच्यातल्या एकानेही मला कधी खडू खायला लावला नाही.