मैनेचा स्वयंपाक

उभ्या वऱ्हाडात घोडीचा स्वयंपाक स्वतः चाखल्याशिवाय तिच्यापुढे न ठेवणारा एकच माणूस झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा. महाराष्ट्र नुकताच झाला होता. लोणारच्या अलीकडे, मामांच्या गावात मी नवा शाळामास्तर होतो आणि त्यांच्या शेजारीच खोली घेऊन राहत होतो. मामांनी उमेदीत मैना नावाच्या त्या घोडीवर कापडाचे तागे लादून बीबी-मेहकरचे बाजार केले होते. पुढे रस्त्यावर एसटी आली, मामांचे दात गेले आणि मैनेच्या दाढा झिजल्या. तिन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्यामुळे दोघंही बरोबरच घरी बसले. कडबा टाकला की मैना तो तासभर चघळायची आणि चोथा करून पुढ्यात टाकून द्यायची. धुळीने तिला धाप लागायची. म्हणून मामा तिला शिजवून घालू लागले: ज्वारीच्या कण्या, गव्हाचा कोंडा, भिजवून पाट्यावर वाटलेले हरभरे, वर मूठभर उकडलेली अळशी. हिवाळ्यात अंगणात धुकं उतरायचं, हंड्यातून वाफ निघायची, आणि धुकं कुठं संपतं नि वाफ कुठं सुरू होते ते कळायचं नाही. त्या पांढुरक्यात मामा डोळे मिटून बोटभर कण्या तोंडात घोळवत बसलेले, मैना त्यांच्या खांद्यावर जबडा टेकून पेंगत असलेली; दोघांत जागं कोण आहे हे सांगता येत नसे.

पारख सोपी होती. मामांच्या बोळक्या हिरड्यांखाली जे विरेल तेच मैनेला. एखादी कणी लागली की हंडा परत चुलीवर, आणि मामींची भाकर तोवर ताटकळत. "माह्यासाठी कधी भाकर मोडून पाह्यली का वो?" मामी विचारायच्या. "तुले दात हायत," मामा शांतपणे म्हणायचे. पोळ्याला ते बैलांच्या आधी मैनेला कुंकू लावत. "काऊन बे, हे बैल हाय का?" असं त्यांच्या बाजारातल्या एका जुन्या सोबत्यानं एकदा डिवचलं, तर म्हणाले, "नाही, माही भागीदारीन हाय. तुह्यापेक्षा कमी बोलते."

आता जे सांगतो ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कवळीचा हट्ट माझा. मेव्हणीचं लग्न ठरलं होतं आणि पंगतीत मामा बोळक्या तोंडानं बसणार याची मला लाज वाटत होती. "तुमी म्हन्ता तं बसवतो, जवाईबापू," ते म्हणाले. कवळी आणायला ते मेहकरला निघाले त्या दिवशी मामी आणि माझी बायको लग्नघरी शेवया करायला गेल्या होत्या, म्हणून मैनेचं दुपारचं खाणं माझ्याकडे आलं. एसटीच्या पायरीवरून मामा वळले. "दातानं नाही पाह्यचं बरं. जीभ अन् टाळू. तेवढ्यानं विरलं तरच द्या."

दुपारी मी पाट्याजवळ गेलो तेव्हा समोरच्या ओट्यावर शेजारचे दोघेजण टेकले होते. "या हो, पाहा! मास्तर पाट्याशी बसून राह्यले!" एक म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, "चाखनार का मास्तर? मीठ बरोबर हाय का सांगा!" मी उठलो. भिजलेले हरभरे तसेच अख्खे हंड्यात ओतले, हलवले, आणि चव न पाहता हंडा मैनेपुढे सरकवला. शेजारी हसत निघून गेले. मग मैनेनं मान ताठ लांबवली, खोकली, आणि तिच्या नाकातून फेसाबरोबर हरभऱ्याची टरफलं येऊ लागली. तासभर मी तिचा गळा वरून खाली चोळत होतो. शेवटी अडकलेलं उतरलं. मी तिचं नाक धुतलं, अंगण झाडलं, आणि खोलीत जाऊन बसलो.

संध्याकाळी मामा नवे दात लावून आले. हसले ते दुसऱ्याच माणसासारखे. तसेच हंडा घेऊन मैनेजवळ गेले. तिनं तोंड फिरवलं. "वळखलं नाही हिनं मले," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. जनावरांच्या डॉक्टरनं तिची छाती ऐकली आणि विचारलं, "घशात काही अडकलं होतं का? छातीत उतरल्यासारखं वाटतं." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," मी म्हणालो. आठव्या दिवशी मैना गेली.

मामांनी कवळी काढली ती काढलीच. आपलं तोंड बदललं म्हणून तिनं अन्न सोडलं, अशी त्यांची खात्री झाली होती. लग्नात ते वरणात पोळी कुस्करून जेवले, आणि पुढं जगले तितकी वर्षं तसेच जेवले. एकदा ओसरीवर मामी काकुळतीला आल्या. "जवाईबापू, तुमी तरी सांगा यायले. मानसानं दात बसोले म्हून घोडी मरते का?" तेव्हाही बोलता आलं असतं. "राहू द्या, मामी," मी म्हणालो.

मामांचा चेहरा निवळला. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "पाह्य वो," ते मामींना म्हणाले, "एवढ्या गोतात एकट्या जवाईबापूलेच समजलं." ऊन हळूहळू ओसरीवरून उतरलं, अंगण ओलांडून गेलं, मामी दिवाबत्तीला उठल्या, तरी मामांनी माझा हात सोडला नव्हता.