काटा कुणी मारला

कऱ्हाडच्या स्टँडवर मी आणि बापू एकाच एस्टीत चढलो. ट्रंका एकाच दुकानातल्या, धंदा एकच, गवंडीकामाचा, आणि जायचं एकाच ठिकाणी, कुवेतला. पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचे आण्णा फौजेतनं पेन्शनीवर आलेले. खिडकीशी येऊन म्हणाले, "शिक्का असल्याबिगर पैसा धाडायचा न्हाई. कायद्यातनं येईल तेवढाच आपला." बापूच्या बापानं त्याला नुसतं "जेवत जा" म्हटलं. मला वाटलं, बाप असावा तर आमच्यासारखा.

तिकडं दोघांचा पगार सारखा. शुक्रवारी सुट्टी असली की बापू सूकात जायचा, म्हणजे तिथल्या बाजारात. तिथं एक शेट होता. त्या काळात परदेशी पैसा आपल्या सरकारच्या मुठीत. दिनाराला रुपये किती, ते सरकार ठरवणार आणि बँक तेवढेच देणार. शेट वर तीन-चार रुपये द्यायचा. बापूचे दिनार तिथंच राहायचे, आणि सांगलीच्या पेठेतला शेटचा माणूस एस्टीनं गावात येऊन त्याच्या घरी नोटा देऊन जायचा. विचारलं कुणी, तर हळदीचा व्यापारी. सापडला तर तुरुंग. पण सापडला नाही कधी.

मी बँकेतनंच ड्राफ्ट काढायचो आणि रजिस्टर पत्रानं घरी धाडायचो.

"गड्या, सरकार तुझा पाव्हणा लागतो व्हय?" बापू म्हणायचा. "लय मान देतोस."

"मी शिपायाचं पोरगं हाय," मी म्हणायचो.

"मग तुला मेडल मिळंल. मला स्लॅब मिळंल."

आणि मिळाला की. दोन वर्षांत बापूच्या घरावर स्लॅब पडला. आमच्या आळीतला पहिला. आमच्यावर पत्रा, तोही निम्माच नवा. बापूची थापी माझ्यापेक्षा वाकडी चालायची, हे मी आजही सांगतो. त्याची भिंत मी ओळंब्यात आणून द्यायचो. आणि स्लॅब त्याचा.

मग घरनं पत्र आलं. आण्णांना सहीपुरतंच लिहिता यायचं. पत्र पोस्टमन लिहायचा, आलेलं वाचायचा पण तोच, आमच्या ओट्यावर बसून, निम्मी आळी ऐकायला. त्यात लिहिलेलं, 'बापूचं जास्त येतंय, तुझं कमी. एकाच रानातला ऊस आणि वजनाला फरक. काटा मारतोस व्हय रं?'

आपल्याकडं ऊस लावणाऱ्याला ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. गाडी वजनाला जाते तेव्हा काट्यावर उसाचं वजन खातो, तो काटा मारतो. शेतकऱ्याच्या तोंडी ह्याच्यावर शिवी नाही. ती मला बापानं दिली, आणि पोस्टमनच्या हातनं लिहून. म्हणजे गावात झालंच, मी तिकडं पिऊन उधळतो.

उत्तर काय लिहायचं? खरं लिहिलं तर पोस्टमन ओट्यावर वाचणार आणि बापूच्या घरी पोलीस जाणार. त्याच्या स्लॅबवर माझा कितीही डोळा असला, तरी चुगली माझ्या रक्तात नाही. लिहिलं, 'सर्व खुशाल. पैसे मिळाल्याचे कळवावे.'

पहिल्या रजेला आलो तेव्हा आण्णांना उसाच्या बांधावर नेलं, ऐकायला कुणी नको म्हणून. बँकेचा भाव, शेटचा भाव, सगळं समजावलं. काटा मी मारत नव्हतो, बँकेचा भाव मारत होता. आण्णा ऐकता ऐकता बुटाची नाडी सोडून परत बांधत बसले. वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

म्हणाले, "बापूचा शेट आपलं बी घेईल का रं?"

"शिक्का असल्याबिगर न्हाई. तुमीच सांगितलंय, आण्णा."

"सांगितलं हुतं. तवा भाव कुठं ठावं हुता?"

मी हललो नाही. शेवटच्या पगारापर्यंत बँकेतनंच धाडलं. शब्द त्यांनी सोडला असेल, मी कशाला सोडू? परत आलो तेव्हा त्या पैशात गावात घर उठलं नाही. सांगलीजवळ कुपवाडला जागा घेतली, कारखान्यात लागलो, स्वतःच्या हातानं तीन खोल्या बांधल्या. ओळंबा लावून बघा कुणीही. आण्णांना चल म्हटलं, आले नाहीत. गावातच राहिले, आणि शेवटपर्यंत दुपारचे बापूच्या स्लॅबखाली जाऊन बसायचे. आपला पत्रा तापतो म्हणायचे. बापूची बायको त्यांना चहा द्यायची. त्याचं मला जेवढं लागलं, तेवढं पोस्टमननं लिहिलेल्या त्या पत्राचंही लागलं नाही.

तुम्ही गावात राहिलेले विचारता, आता घर कुठलं, कुपवाड का गाव? आणि बाहेर गेलेले तुम्ही एकमेकांना तेच विचारत असाल. माझं सांगतो. गावाकडं यायला निघालो की मी एस्टीत मुद्दाम पलीकडच्या खिडकीला बसतो, बापूचं घर दिसायला नको म्हणून. तरी वळणावर मान तिकडं जातेच. स्लॅब दिसतो, पोटात जळतं. मग पिशवी उचलतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो. गाव आलेलं असतं.