सिंधुसदनाचा वरचा मजला

सिंधूताईनं घर बांधायला काढलं तेव्हा विटांच्या आधी पाटी आली. काळ्या ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांत ‘सिंधुसदन’ कोरलेली. बांधकामावर ठेवली तर कोणी उचलून नेईल म्हणून ती माझ्या पलंगाखाली गोधडीत गुंडाळून ठेवली होती. मी समोरच राहते. “अगं, दुसऱ्याच्या नावाची पाटी कोण कशाला चोरेल?” असं मी म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चाकूरकडच्या खेड्यातली ही पोर लग्न होऊन लातुरात आली ती थेट किरायाच्या खोलीत. नवरा भागवतराव सोमवंशी जिल्हा परिषदेत होते, बदल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच, त्यामुळे बाईनं लातूर सोडलं नाही, फक्त घरं बदलली. एक मालकीण नळ आला की आधी स्वतःची टाकी भरायची आणि मग वरचा व्हॉल्व्ह उघडायची. दुसरीनं गच्चीवर तुळस ठेवू दिली नाही. तिसरी पाहुणा दिसला की जिन्यातच विचारायची, “किती दिवस हायेत?” या सगळ्यांची नावं सिंधूताईला अजून तोंडपाठ आहेत आणि ती ती प्रेमानं घेत नाही.

“एकदा माझ्या दारात उभं राहून मानसं माझं नाव घेऊन घर इचारू देत वहिनी,” ती मला म्हणायची. “मग माझं काय बी होवो.”

घर झालं. पाटी लागली. पण पोरगा पुण्याला नोकरीला लागला, वरचा मजला मोकळाच, म्हणून किरायानं द्यायचं ठरलं. सिंधूताईला त्याचाही आनंद झाला, कारण आता मालकीण व्हायची तिची पाळी होती. तिनं व्हॉल्व्ह मुद्दाम खाली, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ बसवून घेतला.

आणि मग वर मंजुश्री बिरादार राहायला आली.

मंजुश्रीचं सासर देवणीकडचं, ती इथं शाळेत गणित शिकवायची. नवरा उमाशंकर नांदेडला बँकेत, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. मुलगी मुग्धा अकरावीत, लातूरच्या क्लासेससाठीच त्यांनी इथं बिऱ्हाड केलेलं. बाई बोलायला मऊ, हसरी, आणि कुणाच्याही पोराला अडलेलं गणित जिन्यात उभी राहून समजावून द्यायची. महिन्याभरात गल्लीतल्या बायका संध्याकाळी वर गच्चीवर बसायला लागल्या. मीही जायचे. गच्चीवर हवा छान यायची, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या गच्चीच्या मालकिणीला मात्र कोणी खाली हाक मारून “येताय का” असं विचारत नव्हतं. म्हणजे मंजुश्री विचारायची, रोज विचारायची, पण स्वतःच्याच गच्चीवर पाहुणी म्हणून कोण जाईल?

सिंधूताई जळायला लागली. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. दोघींनी एकाच नर्सरीतून मोगरा आणला होता. वरचा फुलला, खालचा नुसताच वाढला. सिंधूताईनं वरच्याला पाणी जास्त मिळतं म्हणून व्हॉल्व्ह जरा आवळला. तरी वरचाच फुलला. पण मोगऱ्याचं दुःख तिनं पचवलं असतं. पचलं नाही ते वेगळंच. कुरिअरवाला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून विचारायचा, “बिरादार मॅडमचं घर कुठलं?” दूधवाला म्हणायचा, “मॅडमच्या घरापासून तिसरं.” ऑटोवाले तर सरळ, “मॅडमच्या घरी ना? बसा.” त्यांची पोरं मंजुश्रीच्या शाळेत. एकदा गॅसवाल्यानं सिंधूताईच्याच हातात सिलिंडरची पावती देत विचारलं, “मॅडमच्या खाली तुम्ही किरायानं राहता का?”

त्या दिवशी तिनं पाटी चिंच लावून घासली. ग्रॅनाइटला चिंच लावत नाहीत हे तिलाही माहीत होतं.

मग तिनं मंजुश्रीच्या कानाशी लागायला सुरुवात केली. “किराया म्हंजे पैसा पान्यात. स्वतःचं घर बघा आता.” उमाशंकरचं म्हणणं वेगळं होतं. त्याची नोकरी बदलीची, आज नांदेड, उद्या आणखी कुठं. मुग्धाची बारावी झाली की ठरवू, घ्यायचं तर नांदेडला घेऊ, तोवर इथं काय वाईट आहे? हप्त्याच्या निम्म्यात चांगलं घर मिळालंय. मंजुश्रीला तर नांदेडलाही जायचं नव्हतं. “काकू, मला हीच गल्ली हवी,” ती म्हणायची. “तुम्ही खाली आहात, बायका जीव लावतात. विकत घेऊन यापेक्षा वेगळं काय मिळणार?”

दुसरी कोणी असती तर हे ऐकून विरघळली असती. सिंधूताई खाली येऊन मला म्हणाली, “बघा, माझंच घर तिला विकत न घेता मिळालंय.”

तरी तिच्या आग्रहानं मंजुश्री घरं बघायला निघाली, आणि सिंधूताई प्रत्येक वेळी सोबत. आता गंमत बघा. बाईला भाडेकरू जायला तर हवी होती, पण आपल्यापेक्षा चांगल्या घरात जायला नको होती. त्यामुळे औसा रोडला रो-हाऊस बघितलं, तर हिनं दार दक्षिणेला आहे म्हणून नाक मुरडलं. अंबाजोगाई रोडला फ्लॅट बघितला, तर बोअरचं पाणी हातावर घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं. “मचूळ हाय. डाळ शिजायची न्हाई यात.” बिल्डरचा माणूस तोंडाकडे बघत राहिला. बार्शी रोडला एक पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट मात्र असा निघाला की हिला काही सापडेना. पूर्वेचं दार, दोन बोअर, खिडकीतून लांबवर शेतं. सिंधूताई त्या खिडकीत बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, “अन् लिफ्ट बंद पडली मग?”

मंजुश्री हसली आणि घरी येऊन म्हणाली, “राहू दे काकू. आपलंच बरं.”

‘आपलंच’ या शब्दावर सिंधूताई रात्रभर झोपली नसेल.

शेवटी जिच्यामुळं सगळं झालं ती गोष्ट महालक्ष्म्यांची. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा गेटापासून बसवायच्या जागेपर्यंत कुंकवाची पावलं काढतात, आणि त्या पावलांवरून मुखवटे वाजतगाजत आत आणतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बायका घरोघरी हळदीकुंकवाला जातात. मंजुश्री आली त्या वर्षी सिंधुसदनाच्या एकाच गेटातून पावलांच्या दोन ओळी निघाल्या. एक खालच्या दारात गेली, दुसरी त्याच दारावरून वळून जिन्यानं वर. बायका येत, खाली टेकल्यासारखं करत आणि वर जाऊन बसत. वरून हसण्याचा आवाज येत होता. सिंधूताई पुरणाच्या ताटाशी बसून तो ऐकत होती. मी तिच्याजवळ थांबले होते, पण वरची आंबील फार चांगली झालीय असं कळल्यावर मीही गेले.

पुढच्या वर्षी सणाच्या आधी तिनं मंजुश्रीला जिन्यातच गाठलं. “ऐक. किरायाच्या घरात महालक्ष्म्या बसवत न्हाईत. एका गेटातून दोन घरच्या लक्ष्म्या आल्या की भांडतेत.”

“असं असतं काकू? मला माहीत नव्हतं.”

“आमच्या आज्जीनं सांगितलंय.”

सिंधूताईच्या आज्जीच्या घराला गेटच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मी तिथं मधे पडले नाही. मंजुश्रीनं मुखवट्यांचा डबा पिशवीत घातला आणि त्या वर्षी लक्ष्म्या देवणीला जावेकडे नेल्या. परत आली त्या शनिवारी उमाशंकर आल्यावर वरून तिचा आवाज ऐकू आला. एरवी ती कधी मोठ्यानं बोलत नसे. “नांदेड, लातूर, काहीही असू दे. जिथं माझ्या लक्ष्म्यांना कोणाला विचारावं लागणार नाही असं घर हवं. हप्ता जाऊ दे कितीही.”

इतके दिवस किरायाच्या बाजूनं असलेला सगळा हिशेब त्या एका वाक्यात निकालात निघाला. बार्शी रोडचा पाचवा मजला त्यांनी घेतला. सिंधूताईला खोट सापडली नव्हती तोच.

सामानाचा टेम्पो गेला तेव्हा सिंधूताईनं मंजुश्रीची ओटी भरली, डोळ्यांतून पाणीही काढलं, आणि टेम्पो वळताच गेट लावून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सुटले बाई,” म्हणाली.

नवीन किरायेदार मात्र तिला कोणी पसंत पडेना. एकाची मुलं दंगा करतील, एकीचं बोलणं मोठं. खरं म्हणजे तिला आता वर कोणीच नको होतं. भागवतराव एकदा म्हणाले, “मजला मोकळा ठिवून काय फायदा?” त्यावर तिनं असं बघितलं की ते पुन्हा म्हणाले नाहीत. पण गेटाची बेल वाजायची थांबली नाही. “मॅडम आहेत का?” पालक यायचे, कुरिअर यायचं, लग्नाच्या पत्रिका यायच्या. “गेल्या त्या,” सिंधूताई सांगायची. “अरे, मग आता इथं कोण राहतं?” असंही एकानं विचारलं.

या वर्षी महालक्ष्म्यांना तिनं जीव ओतला. पैठण्या नेसवल्या, झुरमुळ्या लावल्या, लाडवांचे डोंगर केले. गेटातून पावलांची एकच ओळ काढली, ठसठशीत, थेट तिच्या दारात. बायका आल्या. चौघी. पाचवी मी. हळदीकुंकू झालं, फराळ झाला, आणि एक जण उठता उठता म्हणाली, “मॅडम असत्या तर गच्चीवर बसलो असतो जरा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्रीचा फोन आला. विसर्जनाच्या आधी लक्ष्म्या बघायला या, काकू, याच. सिंधूताईनं जरीची साडी नेसली आणि मला बळंच सोबत घेतलं. नव्या घराच्या पहिल्या लक्ष्म्या बघायला अर्धं लातूर लोटलं असणार, अशी तिची खात्री.

लिफ्ट चालू होती. लिफ्टच्या दारापासून मंजुश्रीच्या दारापर्यंत पावलं काढलेली होती, सातआठच, जागाच तेवढी. आत आरास इतकी देखणी होती की सिंधूताईचा चेहराच उतरला. मग तिच्या लक्षात आलं, हॉलमध्ये आमच्याशिवाय कोणी नाही. अंथरलेल्या सतरंजीला सुरकुतीही पडली नव्हती.

“काल कितीजणी आल्या?” तिनं विचारलं.

“कोणी नाही काकू. इथं दारं बंद असतात. शेजारच्यांना बोलावलं, त्यांनी मेसेजमध्ये हात जोडले.” मंजुश्रीनं आमच्यापुढे ताटं ठेवली. “पावलंही पुसायला सांगितलीत खालच्या ऑफिसनं, फरशीला डाग पडतो म्हणून. आपल्या घरी किती बायका यायच्या, नाही?”

“आपल्या म्हंजे?”

“तुमच्याच की काकू.” तिनं वाटीत तूप वाढलं. “यंदा तुमच्याकडे कितीजणी?”

सिंधूताईनं पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला. “इचारू नको. बसायला जागा पुरली न्हाई. जिन्यात बसल्या बाया.”

मी ताटात बघत राहिले. मंजुश्रीनं “हो का,” म्हटलं, आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी चांगलं ओळखत होते. दोन वर्षं मी ते रोज समोरच्या ओट्यावर बघत होते. हेवा. तो बघून सिंधूताईनं तिसरी पोळी मागून घेतली. घर घेऊनही पोरीला काही मिळालं नाही, याचा तिला इतका आनंद झाला होता की निघताना तिनं मंजुश्रीचा गालगुच्चा घेतला.

खाली येऊन ऑटो केला. सिंधूताई राणीच्या थाटात बसली.

“कुठं जायचं मावशी?”

“सिंधुसदन.”

“हे कुठं आलं?”

“सोमवंशी सायबांचं घर. जिल्हा परिषदेतले सोमवंशी.”

“न्हाई ध्यानात येत.”

तिनं मंदिर सांगितलं, पाण्याची टाकी सांगितली. त्यानं दोन्हींवर मान हलवली, पण गल्ल्या तिथं चार, नेमकी कोणती ते त्याला कळेना. त्यानं ऑटो बाजूला घेतला आणि मागं वळून बघायला लागला. सिंधूताईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगू शकले असते. पण घर तिचं होतं, पत्ता तिनं सांगावा.

“बिरादार मॅडमचं घर,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

“हां! मग असं सांगा की आधी.” त्यानं गाडी गरकन वळवली. “माझी पोरगी त्यांच्याच वर्गात होती. लई चांगल्या हायेत मॅडम.”

त्यानं आम्हाला बरोबर गेटासमोर, कुंकवाच्या पावलांवर उतरवलं. पाटी त्याच्या डोळ्यांसमोर होती, त्यानं ती वाचली नाही.

“मॅडमला माझा नमस्कार सांगा बरं का मावशी.”

सिंधूताई गेटाच्या कडीवर हात ठेवून उभी होती.

“सांगते,” ती म्हणाली.