शेवटच्या नळाचं धुणं

शहराला पाणी सोडणारी माणसं पुष्कळ होती. पण सोडलेलं पाणी शेपटापर्यंत धड पोचलं का, हे दारोदार जाऊन बघणारी बाई एकच. तिला सगळे पिवळीबाई म्हणत. रंगानं ती चांगली सावळी. नाव पडलं ते तिच्या हातातल्या काचेच्या नळीमुळं. नळाचं पाणी नळीत धरायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि उजेडाकडं करून बघायचं. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, खुशाल प्या. नाही झालं तर कागदावर फुली. पाइपाच्या सुरुवातीला पाणी सहसा बिघडत नाही, बिघडतं ते टोकाला. म्हणून तिची फेरी नेहमी लाइनीच्या शेवटच्या घरांची.

"काय पिवळीबाई, आमचं पाणी पास का नापास?"

"पास. काठावर."

"म्हणजे आमच्या कार्ट्यासारखंच की!"

घरातले हसायचे, तीही हसायची, नळी विसळायची आणि पुढचं दार गाठायची. इतकी वर्षं इतक्या स्वयंपाकघरांत ती शिरली, पण नळापर्यंतच. बसा म्हणायला कुणाला सुचलं नाही, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती. मीटर बघायला आलेल्याला कुणी पाट देतं का? तिलाही कामाशिवाय कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहणं जमायचं नाही. जाऊन म्हणायचं तरी काय?

घरी आई होती तोवर संध्याकाळी भांडायला तरी माणूस होतं. आई गेली आणि घर कसं नीटनेटकं झालं. ठेवलेली वस्तू ठेवलेल्या जागी सापडायला लागली, याचाच तिला राग यायचा. भावाचा फोन यायचा अधूनमधून.

"ताई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

की संपला फोन. एकटा जीव सदाशिव, असं भावजय मागून म्हणायची, ते हिला ऐकू यायचं.

तिच्या फेरीतलं अगदी टोकाचं घर होतं जुन्या अग्निशमन केंद्रामागच्या चाळीत. केंद्र शहराच्या दुसऱ्या अंगाला हललं, मागोमाग बिऱ्हाडं हलली, दारांना कुलपं आणि कुलपांना गंज चढला. राहिले फक्त बंबकाका. उभा जन्म बंबावर काढलेला म्हातारा, पाठीनं ताठ, कानानं जरा जड. बायको केव्हाच गेलेली. मुलगा म्हणायचा, माझ्याकडं या. पण मुलाचं घर उंच इमारतीत, दोन खोल्यांचं. तिथं खिडकीशी बसायलासुद्धा नातवंडाची परवानगी घ्यावी लागते, असं काका सांगायचे.

या चाळीचं पाणी एका सोमवारी नापास झालं. नळीत थेंब पडले आणि पाणी जसंच्या तसं राहिलं, विधवेच्या कपाळासारखं कोरं. पुढच्या सोमवारीही तेच.

कारण उघड होतं. चाळीला येणारा पाइप आग विझवायच्या हिशेबानं घातलेला, चांगला मांडीएवढा जाड. आता त्यातून पाणी घेणारा एक म्हातारा, तोही तांब्याच्या मापानं. नाकापेक्षा मोती जड! पाणी त्या पाइपात दिवसच्या दिवस पडून राहायचं, आणि नुसतं पडून राहिलं की त्यातलं क्लोरीन विरून जायचं.

ऑफिसात नव्या इंजिनियर मॅडम होत्या. त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर सगळ्या शहराचे पाइप कोळ्याच्या जाळ्यागत पसरलेले. ताजं पाणी निळं, जुनं होत जाईल तसं लाल. चाळीचा दोरा लालभडक होता.

"एका घरासाठी ही लाइन जिवंत ठेवणं परवडत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. बोलताना पिवळीबाईला खुर्ची ओढून दिली होती त्यांनी. "पाणी असंच नापास होत राहिलं तर लाइन तोडावी लागेल. असलं पाणी मी त्यांना पिऊ देणार नाही."

"लाइन तोडली की काकांचं राहणंच संपलं, मॅडम."

"मग रोज थोडा वेळ नळ सोडून ठेवायला सांगा. पाणी हललं पाहिजे."

पिवळीबाईनं जाऊन सांगितलं. काका तिच्याकडं असे बघत राहिले, जणू तिनं घराला काडी लावायला सांगितलंय.

"गटारात सोडू पाणी? मी?"

"थोडा वेळच, काका."

"बाई, एकदा ऐन आगीत माझ्या हातातला पाइप कोरडा पडला होता. समोर घर जळतंय आणि नळातून फुस्स हवा. नंतर लोक म्हणाले, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तेव्हापासून टपटपणाऱ्या नळानं माझी झोप उडते. पाणी कामाला लागत असेल तर न्या हौदभर. फुकट सोडणार नाही."

"मग लाइन तुटेल."

"तुटू दे. आगीतून उठून फुफाट्यात जाऊ. मुलगा आहेच की."

हे म्हणताना त्यांनी तोंड फिरवलं आणि आधीच बंद असलेला नळ पुन्हा आवळला.

घरी येईपर्यंत पिवळीबाई विचार करत होती. पाणी कामाला लागलं पाहिजे. म्हणजे काम नेलं पाहिजे.

रविवारी सकाळी ती धुण्याचं हे भलंमोठं बोचकं घेऊन चाळीत हजर झाली. काका दारात आ वासून उभे.

"आमच्याकडं पाण्याची बोंब आहे," तिनं दडपून सांगितलं. "धुऊ का इथं?"

"पाणीखात्याच्या बाईकडं पाण्याची बोंब? सोनाराचेच कान उघडे!" काका खो खो हसले. "धू की. नाही कोण म्हणतंय?"

माणूस एकटं आणि धुणं सात जणांचं. तिनं चादरी आणल्या होत्या, पडदे, अभ्रे, आईच्या रजईची खोळ. निम्मे कपडे धुतलेलेच होते. ते तिनं पुन्हा आपटले, पुन्हा पिळले, पुन्हा खळबळले. पहिल्यांदा पाण्याला पाइपाचा कोंदट वास होता, मग हळूहळू तो गेला. काकांनी बंबावरची जुनी जाड दोरी काढली आणि ओसाड चाळीच्या दोन खांबांना ताणून बांधली.

"ही गाठ बघ," ते म्हणाले. "माणूस लोंबकळला तरी सुटणार नाही. आणि सोडायची म्हटली तर या टोकाला एक हिसका. बस्स."

"मला शिकवा."

"शिकवीन की. घाई काय आहे?"

सोमवारी नळीतलं पाणी पिवळसर झालं. काठावर, पण पास.

मग ते रविवारचं ठरूनच गेलं. ती धुवायची, काका वाळत घालायचे. चादर झटकायची तर दोन टोकांना दोन माणसं लागतात, हे ती घरी विसरूनच गेली होती. कपडे वाळेपर्यंत बसावं लागे. बसायचं म्हटल्यावर चहा आला. चहा आला म्हटल्यावर बोलणं आलं.

"अगं बाई, हा पडदा मागच्या रविवारी नव्हता का?"

"खिडकीत धूळ फार येते, काका."

"धूळ येते का पडदाच धुळीकडं जातो?"

ती मान खाली घालून पिळत बसायची. काकांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे तिलाही कळलं होतं.

पण ऑफिसातल्या पडद्यावरून काय लपतंय? मॅडमनी त्या लाइनीवर मीटर बसवलं होतं. एके दिवशी त्यांनी तिला बोलावलं.

"सगळा आठवडा रेघ आडवी झोपलेली. रविवार आला की हे बघा, वशिंड! दर रविवारी तिथं लग्न लागतं का?"

"मी धुणं नेते," पिवळीबाई म्हणाली.

"काय?"

"माझं धुणं. पाणी हलावं म्हणून."

मॅडम हसतील असं तिला वाटलं. त्या हसल्याही, पण मग हसता हसता थांबल्या आणि पडद्याकडं बघत राहिल्या. चाळीच्या भिंतीपलीकडं नवी वसाहत उठली होती. तिची लाइन अगदी हाकेच्या अंतरावर येऊन थांबली होती.

"लाइनीला टोक ठेवलं म्हणून हे सगळं," त्या म्हणाल्या. "दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकू. मग चाळीचं पाणी आपसूक पलीकडच्यांच्या वापराला जाईल, पडून राहणारच नाही. आणि कधी आग लागली तर दोन्हीकडून पाणी. मला हे आधीच दिसायला हवं होतं." मग आपुलकीनं म्हणाल्या, "तुमचं धुणं सुटलं बघा."

"बरं झालं," पिवळीबाई म्हणाली. आणि खरोखर बरंच झालं होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

भिंतीखालून खोदलं, जोड बसला. सोमवारी तिनं काकांच्या नळाखाली नळी धरली. थेंब पडले आणि पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळंधमक झालं.

"पास?" काकांनी विचारलं.

"पहिला नंबर."

"मग आता रविवारी झोप काढ मस्त. फार राबलीस म्हाताऱ्यापायी."

"हो ना." तिनं नळी विसळली. "आता हे टोक राहिलं नाही, काका. माझ्या फेरीतून हे घर गळालं. पुढच्या सोमवारपासून दुसऱ्याच भागात जायचंय."

"असं," काका म्हणाले. मग खांबाकडं बघत, "मग ती दोरी सोडू का?"

हीच वेळ होती. राहू द्या म्हणायचं, एवढंच. राहू द्या, मी येईन. कशाला येईन? पाणी तर चांगलं आहे.

"सोडा," ती म्हणाली. "येता-जाता मानेला अडकेल तुमच्या."

काका खांबापाशी गेले. एका हिसक्यात सुटणारी गाठ. पण ते नखांनी ती उकलत बसले, भलत्याच टोकाशी चाळा करत, पाठ तिच्याकडं करून. ती घाई न करता उभी राहिली. दुसऱ्या खांबाची गाठ सोडायला त्याहून वेळ लागला. मग त्यांनी दोरीचं वेटोळं नीट घातलं आणि तिच्या हातात दिलं.

"घेऊन जा. मला काय वाळत घालायचंय?"

गाठ शिकायची राहिली, हे तिला रस्त्यावर आल्यावर आठवलं. ती थांबली. मागं वळून बघितलं तर काका दारातच उभे होते, कानामागं हात धरून, जणू तिनं काही म्हटलं आणि त्यांना ऐकू आलं नाही. तिनं नुसता हात हलवला.

रविवारी तिला नेहमीच्या वेळेला जाग आली. धुणं बादलीतच संपलं. दोरी गॅलरीला फारच लांब होती. या गजापासून त्या गजापर्यंत फेऱ्या घालून घालून तिनं ती संपवली आणि आपली साधी गाठ मारली. दोरीवर एक टॉवेल आणि एक झंपर घातला. मग चादर झटकायला घेतली. एक टोक दाराच्या कडीत अडकवलं, दुसरं हातात धरलं.